ठोक्यामागे सोडलेली माया

ब्राँक्समध्ये ट्रेमाँट अव्हेन्यूवर एक कपडे धुलाईचं दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत खिडकीला लागून अर्लीन गॅडसनचं शिवणयंत्र असायचं. पँट आखूड करायची, कोटाची बाही सैल करायची, अंगानं भरलेल्या नवऱ्यामुलाच्या कमरेला ऐन लग्नाच्या सकाळी दोन बोटं जागा करून द्यायची, हे तिचं काम. आसपासच्या गल्ल्यांतले लोक चर्चला जे घालून जायचे, त्यातलं निम्मं तरी तिच्या हाताखालून गेलेलं असायचं. ती बोलायला फटकळ होती, पण कापडाला हात लावला की तिच्याइतकं सबुरीचं माणूस सापडलं नसतं.

तिचा नवरा थॅडियस, म्हणजे थॅड, बसच्या डेपोत मेकॅनिक होता. पण ती त्याची पोटापाण्याची ओळख. शनिवार उजाडला की तो ड्रमवाला व्हायचा. लग्नं, क्लबातले नाच, चर्चचे वर्धापनदिन, पोर्तो रिकोच्या लोकांच्या मुलींचे पंधरावे वाढदिवस, सगळीकडे त्याला बोलावणं असे. त्याच्या बँडची रेकॉर्ड कधी निघाली नाही. एकदा निघता निघता राहिली आणि नंतर त्या गोष्टीचं नाव घरात कुणी काढलं नाही. लोक नाचून घामाघूम व्हायचे, जाताना त्याच्या पाठीवर थाप मारायचे, आणि ते वाजवणं त्या रात्रीबरोबरच विरून जायचं. थॅडला त्याचं वाईट वाटतं का, हे अर्लीननं कधी विचारलं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या वसंतात थॅडच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून तो घरी आला तो काठी घेऊन. बोलणं शाबूत होतं, डावा हात पहिल्यासारखाच होता, उजवा हात कसाबसा चमचा धरायचा. पण उजवा पाय नुसता बरोबर यायचा, काही करायचा नाही. मोठा ड्रम वाजतो तो उजव्या पायानं; ड्रमवाल्याचा तोच गेला म्हणजे काय गेलं, हे घरात दोघांनाही कळत होतं. म्हणून दोघंही त्यावर बोलत नव्हती.

ड्रम होते इमारतीच्या तळघरात. इमारत सांभाळणारा विल्फ्रेडो जुना दोस्त. त्याच्या मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला थॅडनं पहाटेपर्यंत वाजवलं होतं, तेव्हापासून तळघराचा एक कोपरा थॅडचा. जूनमध्ये विल्फ्रेडो टोपी हातात घेऊन वर आला.

"सेन्योरा, मालक नवा बॉयलर बसवतोय," तो दारातूनच म्हणाला. "कोपरा रिकामा करायला सांगितलाय. मी त्याला म्हटलं, बॉयलर माझ्या डोक्यावर बसव, पण ड्रम राहू दे. ऐकतोय कुठला!"

आतून थॅडचा आवाज आला, "देऊन टाका चर्चला. मी काय त्यांच्यावर मोजे वाळत घालू?"

बोलण्यात थट्टा होती, पण अर्लीननं वळून पाहिलं तर तो खिडकीबाहेर बघत होता.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी कॉफी ठेवता ठेवता तिची नजर कपाटावर गेली. तिथे टेबलक्लॉथखाली तिच्या धाकट्या भावाचं, कॉर्नेलचं, यंत्र पडलं होतं. राखाडी रंगाचं, भलतं जड, वर रबराच्या चौकोनी सोळा पट्ट्या आणि एक चिमुकला पडदा. त्याला सॅम्पलर म्हणत. कॉर्नेल तिच्या स्वयंपाकघरात बसून जुन्या रेकॉर्डींमधले आवाजाचे तुकडे त्यात भरायचा, एकेक तुकडा एकेका पट्टीवर ठेवायचा आणि बोटांनी दाबून त्यातून नवंच काहीतरी वाजवायचा. त्या काळात अख्खं ब्राँक्स त्या नादानं वेडं झालं होतं. मग त्याला व्हर्जिनियात जहाजाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि यंत्र बहिणीच्या गळ्यात पडलं.

अर्लीननं त्याला फोन लावला.

"कॉर्नेल, तुझ्या त्या खोक्यात ड्रमचा आवाज भरता येतो का रे?"

"अर्ली, त्या खोक्यात लोक दुसरं भरतात काय?"

"रेकॉर्डवरचा नाही. खराखुरा. थॅडचा."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग कॉर्नेल म्हणाला, "पेन्सिल घे. सांगतो."

थॅडला विचारलं तेव्हा तो उखडलाच. "खोक्यात भरलेला ड्रम म्हणजे डब्यातलं फळ, बाई. त्याला ना वास ना चव."

"तुझी आई जन्मभर डब्यातल्या पीचचाच गोड कॉबलर भाजायची. ताट चाटून पुसून ठेवायचास तू."

"माझ्या आईला मध्ये आणू नकोस."

"नाही आणत. मी तुझ्याकडे गाणं मागतेय का, थॅड? एक ठोका मागतेय. प्रत्येक ड्रमवर एकेकच ठोका."

डाव्या हाताची बोटं त्यानं मांडीवर हलकेच आपटून पाहिली.

"एक ठोका," तो म्हणाला. "तेवढा येतो मला."

रविवारी चर्च आटोपल्यावर ती मंडळी तळघरात उतरली. थॅडला उतरवायला विल्फ्रेडो पुढे आणि अर्लीन मागे. तिनं इस्त्रीचं टेबल खाली नेऊन त्यावर यंत्र मांडलं होतं. कॉर्नेलचा मायक्रोफोन झाडूच्या दांड्याला बांधला होता. विल्फ्रेडोनं पाण्याचा पंप बंद केला आणि जिन्यात उभं राहून वरच्या मजल्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "अर्धा तास कुणी नळ सोडायचा नाही! जो सोडेल त्याच्याकडे हिवाळ्यात घर तापवायची वाफ येणार नाही!"

थॅड स्टुलावर बसला. किती महिन्यांनी बसला. काठी त्यानं भिंतीला टेकवली, डाव्या हातात टिपरी घेतली आणि समोरच्या स्नेअरकडे, त्या खालून तारा लावलेल्या चपट्या ड्रमकडे, असा पाहत राहिला की अर्लीनला बटण दाबायचं भान राहिलं नाही.

"चालू आहे का ते?"

"आहे, आहे. मार."

पहिला ठोका वायाच गेला, कारण तिनं बटण उशिरा दाबलं. दुसऱ्या वेळी विल्फ्रेडो खोकला. तिसऱ्या वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं नळ सोडला आणि पाइप भिंतीतून घुमला. विल्फ्रेडो शिव्या देत वर पळाला आणि नळ बंद करवून परत आला. पण चौथा ठोका पडला आणि तळघराच्या दगडी भिंतींनी तो असा परतवला की तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोरडा, खणखणीत, आणि मागे तळघराचा थोडासा घुमारा घेऊन आलेला.

"झालं," अर्लीन म्हणाली. "हाच."

पायाचा मोठा ड्रम वाजवताना अडचण आली. थॅडचा पाय पेडलवर होता, पण दाबत नव्हता. अर्लीननं विल्फ्रेडोला बटणापाशी उभं केलं, स्वतः खाली बसली, थॅडच्या बुटावर आपला तळहात ठेवला आणि म्हणाली, "तू सांग, मी दाबते." त्यानं 'आता' म्हटलं, तिनं दाबलं. दोन-तीनदा चुकलं. मग साधलं.

भरलेल्या आवाजांची कापाकापी घरात, जेवणाच्या टेबलावर. कानावर हेडफोन, समोर कॉर्नेलनं सांगितलेलं टिपलेला कागद. पहिले दोन दिवस तिच्या नाकी नऊ आले. नंतर मात्र तिच्या लक्षात आलं की हे काम तिला येतं. ठोक्याच्या आधी थोडी कोरी जागा असते. ती कापली नाही तर पट्टी दाबल्यावर ठोका रेंगाळत येतो, नाचणाऱ्याचा पाय चुकवतो. पण जरा जास्त कापलं की ठोक्याची धारच जाते आणि उरतं नुसतं धप्प. पुढून कापताना हात आवरायचा आणि मागून थोडी माया सोडायची, नाहीतर आवाज असा तुटतो की कानाला टोचतं. शिवणीतही तेच तर करतात. अर्लीन यंत्रावरची कापायची चकती केसभर फिरवायची, पट्टी दाबायची, ऐकायची, पुन्हा केसभर फिरवायची.

शेजारच्या बाया विचारायच्या, "अर्लीन, काय करतेस ग रोज?"

"नवऱ्याला बेतून शिवतेय," ती म्हणायची.

स्नेअरचा ठोका तासताना तिला त्यात काहीतरी सापडलं. ठोक्याच्या अगदी पाठोपाठ एक छोटासा 'हं'. तिनं चारदा ऐकलं आणि हेडफोन थॅडच्या कानावर ठेवला.

"हे काय आहे?"

"तू आहेस. ठोका मारला की तू हुंकारतोस."

"मी? कधी?"

"लग्न झाल्यापासून ऐकतेय मी."

थॅडचा चेहरा बघण्यासारखा झाला. जन्मभर ड्रम वाजवले, आणि हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "काढून टाक तो," तो म्हणाला. "लोक म्हणतील म्हातारा ओझं उचलतोय."

"नाही काढणार. तो काढला तर घुमाराही जाईल. बस गप्प."

खरं भांडण झालं ते झांजेवरून. त्या यंत्राची आठवण तोकडी. सगळे आवाज मिळून दहा सेकंदांच्या आत बसवावे लागत. मोठी झांज एकदा वाजली की घुमतच राहायची, एकटीच सगळी जागा खाऊन टाकायची. अर्लीननं तिची शेपटी कापली. थॅडनं ऐकलं आणि हेडफोन टेबलावर आपटला.

"ही माझी झांज नाही. कुणीतरी तिच्या तोंडावर उशी दाबलीय."

"मग दुसरं काय काढू? स्नेअर काढू?"

"मला काय विचारतेस? कात्री तुझ्या हातात आहे."

संध्याकाळभर दोघांत अबोला. व्हायटिंग मासा तळून तसाच थंड झाला. अखेर झोपायच्या वेळी थॅडच म्हणाला, "उद्या मला खाली ने. कापायचीच असेल तर ती मी कापतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं दाखवलं. बँडमध्ये गाणं एकदम थांबवायचं असलं की झांज वाजवून ती लगेच हातानं धरून गप्प करतात. त्याचा उजवा हात आता तेवढा चपळ नव्हता, म्हणून धरायची अर्लीननं. तो डाव्या हातानं वाजवायचा, मान हलवायचा आणि ती दोन्ही तळव्यांनी झांज पकडायची. आधी ती घाबरून लवकर पकडायची. "अगं, विंचू नाहीये तो," थॅड म्हणायचा. पुढेपुढे त्याची मान हलायच्या आत तिला कळायला लागलं. झांजेचा आवाज थांबला तो आता कापल्यासारखा नाही, जागच्या जागी थांबल्यासारखा वाटत होता. यंत्रात तो बरोबर मावला.

जुलैत चर्चची माणसं येऊन ड्रम घेऊन गेली. थॅड खाली उतरला नाही. अर्लीननं एकेक भाग पुसून दिला आणि स्नेअर शेवटी दिला.

वर आली तेव्हा तो यंत्रासमोर बसला होता. डाव्या हाताची दोन बोटं स्नेअरच्या आणि झांजेच्या पट्ट्यांवर चालत होती, अडखळत, जिना चढायला शिकणाऱ्या मुलासारखी. ती शेजारी खुर्ची ओढून बसली.

"पायाचा ड्रम कुठली पट्टी?" तिनं विचारलं.

"खालची. डावीकडची."

तिनं त्या पट्टीवर बोट ठेवलं. "सांग केव्हा."

"सांगू कशाला? कळतं तुला."

त्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी गॅडसनांच्या खिडकीतून ड्रम ऐकू यायचे. ऐकणाऱ्याला कळायचं नाही की वाजवणारी माणसं दोन आहेत. अर्लीनचं एकच बोट, पण ते बोट म्हणजे थॅडचा उजवा पाय. ती चुकली की तो जीभ टाळूला लावून 'च्' करायचा. तो चुकला की ती काही म्हणायची नाही, आणि ते त्याला जास्त लागायचं.

ऑगस्टमध्ये गल्लीचा मेळा भरला. दोन्ही टोकांना लाकडी अडसर लावून रस्ता बंद. कोळशावर डुकराच्या बरगड्या भाजत होत्या, कुणी बटाट्याची कोशिंबीर आणली होती, कुणी पाउंड केक, विल्फ्रेडोच्या बायकोनं मोठ्या पातेल्यात तूरदाणे घालून केलेला भात. मुली दोन दोऱ्यांच्या उड्या मारत होत्या. विल्फ्रेडोनं रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून वीज ओढली होती, आणि ती कशी ओढली हे कुणी विचारलं नाही. भले मोठे स्पीकर लागले आणि थॅडला खुर्चीसकट उचलून यंत्रासमोर आणून ठेवलं. शेजारी अर्लीन, चर्चची टोपी घालून.

पहिला स्नेअर स्पीकरमधून फुटला तेव्हा बरगड्या उलटणारा माणूस चिमटा हातात धरून वळला. ज्यांनी थॅडला क्लबात ऐकलं होतं त्यांनी खुर्च्या मागे सारल्या. म्हाताऱ्या जोडप्यांनी हात धरले. तरण्या पोरापोरींनी आपले पाय त्यात मिसळले. कुणीतरी ओरडलं, "थॅडियस, पाय परत आला की काय तुझा?"

"आला!" थॅडनं ओरडून सांगितलं. "टोपी घालून शेजारी बसलाय!"

हसू पुरतं ओसरायच्या आत खांबात ठिणगी उडाली आणि वीज गेली. विल्फ्रेडो खांबाकडे धावला. वीज दोन मिनिटांत आली, पण यंत्राचा स्वभाव असा की वीज गेली की ते सगळं विसरायचं. पट्ट्या दाबल्या तर काही नाही. थॅडचा चेहरा उतरला. तळघर आता रिकामं होतं, ड्रम चर्चमध्ये होते.

"अर्ली?" तो हळूच म्हणाला.

अर्लीननं हातातल्या पर्समधून प्लॅस्टिकची चपटी डिस्क काढली. तिच्यावर तिनं सगळं उतरवून ठेवलं होतं. "मी कधी एकाच टाक्यावर बटण सोडलंय का?" असं म्हणून तिनं ती खाचेत सरकवली.

यंत्र कुरकुर करत एकेक आवाज आठवू लागलं. त्याला वेळ लागला. तेवढ्यात उड्या मारणाऱ्या मुलींपैकी एकीनं थांबलेल्या ठेक्यावर टाळी धरली. दुसरीनं धरली. मग म्हाताऱ्यांनी, मग बरगड्यांवाल्यानं चिमट्यानं शेगडीच्या कडेवर. पडद्यावर अक्षरं आली तेव्हा सगळी गल्ली तालात होती. थॅडनं घाई केली नाही. डोळे मिटून, मान हलवत, त्यानं टाळ्यांची दोन आवर्तनं जाऊ दिली आणि मग त्या टाळ्यांच्या मध्ये आपला स्नेअर असा ठेवला की मेळ्याला आलेले लोक पुढे कित्येक वर्षं त्याबद्दल बोलत.

त्यानंतर घराला दार राहिलं नाही. ज्यांच्या ज्यांच्याकडे तसलं यंत्र होतं ते कोरी डिस्क घेऊन यायचे. "मिस अर्लीन, तो स्नेअर द्या ना." ती द्यायची. आधी जेवायला घालायची, मग द्यायची. कॉर्नेल फोनवर वैतागायचा, "अर्ली, लोक असले आवाज जिवापाड लपवून ठेवतात!"

"लपवून काय करू? मुरांबा घालू?"

दीड-दोन वर्षांत तो आवाज गल्लीबाहेर गेला, पुलापलीकडे गेला. संध्याकाळी थॅड इमारतीच्या पायरीवर बसायचा आणि रस्त्यानं गाड्या जायच्या, काचा खाली, आतून गाणी धडधडत. कधी कधी त्यात त्याचा स्नेअर असायचा. तो कसा ओळखायचा? पाठोपाठचा तो 'हं'. गाणारा कोण, गाणं कशावर, काही कळायचं नाही, पण गाडी वळणाआड जाईपर्यंत दर दुसऱ्या ठोक्याला थॅड हुंकारत असायचा.

"कुणी तुला कॉफीसुद्धा पाजणार नाही याबद्दल," विल्फ्रेडो म्हणायचा.

"कॉफी नको. पण या पोराला सांग, जरा मागे रेलून वाजव. घाई करतोय."

एकदा पायरीवर बसल्या बसल्या अर्लीननं विचारलंच. इतक्या वर्षांचं मनात होतं ते. "रेकॉर्ड निघाली नाही याचं वाईट वाटलं होतं का रे तुला?"

"वाटलं होतं," तो म्हणाला. "खूप वाटलं होतं." मग जाणाऱ्या एका गाडीकडे बोट करून म्हणाला, "आता किती रेकॉर्डींवर आहे, ते मोजायचं सोडून दिलंय."

तो गेला चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात. झोपेत गेला. चर्चमध्ये त्याच्याच ड्रमवर एका अनोळखी तरुणानं वाजवलं, आणि बरं वाजवलं. अर्लीन पहिल्या बाकावर ताठ बसून होती. मोठा ड्रम वाजला की तिचं बोट पर्सवर हलत होतं, ते शेजारच्या बाईनं पाहिलं.

पुढच्या वर्षी ती गाव सोडून दक्षिण कॅरोलिनात, ऑरेंजबर्गला, बहिणीजवळ राहायला गेली. दक्षिणेतून ब्राँक्समध्ये आलेली तिची पिढी एकेक करून अशीच दक्षिणेत परतत होती. तिथे अंगण होतं, पेकानचं झाड होतं, शिवायला चर्चच्या गायकमंडळाचे झगे होते. सगळं होतं, पण संध्याकाळी फार शांत असायचं. पायरीवर बसलं तरी रस्त्यानं गाडी जायची नाही, गेली तर एखादा ट्रॅक्टर.

कॉर्नेल व्हर्जिनियाहून आला आणि संकोचत म्हणाला, "अर्ली, ते यंत्र... तुला लागत नसेल तर नेऊ का?"

"ने की. तुझंच आहे."

तिनं ते जुन्या गोधडीत गुंडाळून त्याच्या गाडीत ठेवून दिलं. आठवड्यानं त्याचा फोन आला.

"यंत्र मस्त चालतंय. पण त्यात काहीच नाही. डिस्का कुठे आहेत?"

"माझ्याकडे."

"पाठव ना मग."

"पोस्टात मोडतील."

"अर्ली, यंत्र इथे. तुझ्याकडे नुसत्या डिस्का ठेवून तू काय करणार?"

"तू ये यंत्र घेऊन. थँक्सगिव्हिंगच्या सणाला. रताळ्याची गोड पाई करते. बायकोला, मुलींना घेऊन ये."

कॉर्नेलनं पुष्कळ कटकट केली. आठ-नऊ तासांचा रस्ता, त्यात ते धोंड्यासारखं खोकं. पण तो आला. टर्की कापून झाली, ताटं विसळून झाली, आणि जेवणाच्या टेबलावर यंत्र मांडलं गेलं. कॉर्नेलच्या थोरल्या मुलीनं थॅडच्या डाव्या हाताच्या पट्ट्या धरल्या. अर्लीननं खालची डावीकडची पट्टी.

दर वर्षी ती त्याला डिस्का द्यायचं कबूल करते. आणि दर वर्षी तो निघताना डिस्का कुठेतरी ठेवलेल्या असतात, सापडत नाहीत.